उशिराचं माप

दादाच्या फोनला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. यंदा त्यानं एवढंच सांगितलं, "कणसं भरली. रविवारी आगटी पेटवतो. ये." आणि फोन बंद. मंठ्याच्या अलीकडे आमचं शेत आहे. पौष लागला की तिथल्या ज्वारीच्या कणसांत दूध धरतं. ते घट्ट होऊन त्याचा दाणा होईपर्यंत मधे जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यातच हुरडा खाऊन घ्यायचा. लवकर गेलात तर बोटांना नुसतं चिकट पाणी लागतं आणि उशिरा गेलात तर ती भाकरीची ज्वारी झालेली असते. त्यामुळे आमच्याकडे हुरड्याचं आमंत्रण पुढं ढकलता येत नाही. एखाद्या लग्नाला नाही गेलं तर चालतं.

फोन ठेवला आणि नाकात गोवऱ्यांचा धूर आला. मग आगटीत भाजलेल्या कणसाचा गोडसर वास, मग जवसाच्या चटणीचा. आणि त्यामागोमाग, दर वर्षी येते तशी, काळे सरांची मिशी डोळ्यांपुढं आली. हुरडा म्हटलं की लोकांना शेत आठवतं, गूळ आठवतो, माहेर आठवतं. मला भौतिकशास्त्राच्या एका विभागप्रमुखाची पांढरी मिशी आठवते आणि मी एकटीच हसत सुटते. स्टाफरूममधल्या लोकांना आता ह्याची सवय झाली आहे.

ज्या थंडीत हे झालं ती थंडीच निराळी होती. जालन्याच्या आमच्या कॉलेजात मी तेव्हा नुकतीच तासिका तत्त्वावर लागले होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरत्या तुम्ही मॅडम, बाकीचा वेळ देवाचा. आणि अशा तासांवर नेमलेल्या बाईच्या वाट्याला आली ती सेकंदाचा अब्जावा भाग मोजणारी मशीन. पुण्याच्या एका संस्थेनं नवी मशीन घेतली म्हणून जुनी आम्हाला मिळाली. ती टेम्पोतून आली, गोधड्यांत गुंडाळून. काळे सर टेम्पोपुढं उलटं चालत, दोन्ही हात वर करून ड्रायव्हरला सांगत होते, "हळू बाबा, हळू. बाळंतीण हाय आत." मात्र ती आमची झाली नव्हती. संक्रांत झाली की संस्थेतल्या बाई येऊन बघणार होत्या. मशीन बरोबर मोजते आहे असं आम्ही दाखवलं तर ती जालन्यात राहील, नाही तर दुसऱ्या एका कॉलेजची मागणी तयारच होती.

ही मशीन मोजते काय, ते सांगितलं पाहिजे. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर प्रकाश टाकला की ते तो क्षणभर पोटात ठेवतात आणि मग आपल्या रंगाचा करून परत देतात. हा जो क्षणभर आहे, तो किती, एवढंच ह्या मशीनचं काम. पण गंमत अशी की मोजणारी मशीनही जरा उशिरानंच जागी होते. प्रकाश आला हे तिला कळायला वेळ लागतो. मग पडद्यावर जो उशीर दिसतो त्यात पदार्थाचा किती आणि मशीनचा किती? म्हणून आधी तिच्यापुढं असं काही ठेवायचं की जे प्रकाश ठेवूनच घेत नाही, आला तसा उधळून देतं. तेव्हा जो उशीर उमटेल तो सगळा मशीनचा. पुस्तकात ह्याला इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्स फंक्शन असं भारदस्त नाव आहे. काळे सरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, 'मशीनचा उशीर'. तेच नाव विभागात राहिलं.

मला हे सगळं फार मनापासून आवडलं, त्याला कारण आहे. घरी मला लहानपणापासून ट्यूबलाइट म्हणतात. दादानं सकाळी केलेला विनोद मला दुपारी कपडे वाळत घालताना कळायचा आणि मी दोरीपाशी एकटीच हसायचे. आई म्हणायची, पेटली बघा. भांडणातही तेच. समोरचा बोलून, जेवून, झोपून जायचा आणि मग मला नेमकं उत्तर सुचायचं. इतकी वर्षं मी हा माझा अवगुण समजत होते. इथं तर चांगल्या संस्थेतून आलेली मशीनसुद्धा उशिरा पेटत होती आणि त्याबद्दल तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. उलट तिचा उशीर नीट मोजायचा, तो धरून चालायचा, आणि मग पुढचं बोलायचं. त्या आठवड्यात मी फार खुशीत होते.

हा उशीर वजाही करता येत नाही. कणकेत मीठ मळून झाल्यावर ते वेगळं काढता येत नाही, तसा तो मोजमापात मुरलेला असतो. मग कॉम्प्युटर एक अंदाज धरतो, पदार्थाचा उशीर इतका असेल म्हणतो, त्यात मशीनचा उशीर मिसळून बघतो आणि पडद्यावरच्या रेषेशी जुळतं का ते ताडतो. नाही जुळलं तर दुसरा अंदाज. पण मशीनचा उशीरच चुकीचा धरला असेल तर पुढचं सगळंच चुकतं. माणसांचंही असंच होतं, असं मला वाटतं. एखाद्याला उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे ठाऊक नसताना आपण त्याच्या गप्प बसण्याचे काय काय अर्थ काढतो.

प्रज्ञा ही आमची एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, जाफराबादकडची. सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं जायची. वडील झेडपीच्या शाळेत गुरुजी. मोठा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि बघता बघता वर्षातून एकदा येणारा पाहुणा झाला. तेव्हापासून तिच्या आईनं एक नियम घालून दिला होता. संध्याकाळच्या गाडीनं घरी परत येता येईल, पोरीनं तेवढंच लांब शिकायचं. ह्यात रागवारागवी नव्हती, दरडावणंही नव्हतं. एक लेकरू लांब गेलेल्या बाईनं दुसऱ्यासाठी आखलेलं ते अंतर होतं आणि प्रज्ञानंही ते मान्य केलं होतं.

तिचा प्रश्न मात्र ह्या अंतराबाहेरचा होता. हरभऱ्याचं पान सुकायच्या आधीच त्याची तहान ओळखता येईल का, असा तो प्रश्न. पानातला हिरवा रंग प्रकाश पोटात घेतो आणि त्यातला थोडासा लाल करून परत देतो. पान तहानलेलं असलं की हे परत देणं बदलतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण मशीनला दिसू शकेल. रोज सकाळी ती ओल्या फडक्यात हरभऱ्याचे डहाळे बांधून आणायची आणि आमच्या खोलीला शेताचा आंबूस वास यायचा. पानाचा हा उशीर मशीनच्या उशिराएवढाच बारीक होता. म्हणजे मशीनचा उशीर नीट सापडला नाही तर पानाचा सापडायची आशाच नव्हती. आणि मशीन गेली तर प्रश्नही गेला, कारण ती जाईल तिथून संध्याकाळची गाडी जाफराबादला येणार नव्हती.

प्रज्ञाकडं एक जांभळ्या उजेडाची बॅटरी होती. ती तिनं प्रकल्पासाठी मागवली होती खरी, पण त्या दिवसांत कॉलेजातली एकही गोष्ट त्या बॅटरीतून सुटली नाही. धुतलेल्या कॉलरी निळ्या चमकायच्या. पानांचा हिरवा अर्क त्या उजेडात रक्तासारखा लाल दिसायचा, आणि तो बघायला बीएस्सीची मुलं दाराशी गर्दी करायची. काळे सर ओरडायचे, "तमाशा हाय का इथं? जा, तास हायेत ना तुमचे?" आणि मुलं गेली की स्वतः बॅटरी घेऊन आपली नखं बघत बसायचे.

काळे सर म्हणजे विचारायच्या आधी उत्तर. त्यांना उशीर हा प्रकारच ठाऊक नव्हता. निवृत्तीला आलेले, गळ्यात मफलर, काखेत थर्मास. घसा धरतो म्हणून त्यांच्या घरून रोज गरम दूध यायचं आणि तास संपला की सर खिडकीशी उभं राहून ते प्यायचे. मशीनबरोबर संस्थेनं एक बाटली पाठवली होती. तिच्यात वाळूपेक्षा कितीतरी बारीक कण पाण्यात तरंगत होते. प्रकाश उधळून द्यायला हाच द्रव वापरायचा असतो. सरांनी ती बाटली जिवापाड जपली. म्हणजे काय केलं, तर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाची एवढी धास्ती की ऐन पौषातही मौल्यवान वस्तू तो बर्फातच ठेवणार. दुसऱ्या दिवशी बाटलीत गार गोळा. तो वितळवला तर खाली साबुदाण्यासारखे दाणे आणि वर नुसतं पाणी. एकदा गोठलं की ते कण पुन्हा सुटे होत नाहीत, हे बाटलीवर लिहिलेलं होतं. पण वाचायला सरांना उसंत कुठली.

मी पुण्याच्या बाईंना भीत भीत फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, मग पाण्यात एक थेंब दूध टाका. दूधही प्रकाश उधळतं. चालतं." मी ते सरांना सांगितलं तेव्हा त्यांची कळी अशी खुलली की विचारू नका.

"दूध? मंग आधी सांगायचं ना. दूध तं रोज माझ्या काखंत आसतं." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, त्यात ड्रॉपर बुडवला आणि काचेच्या चौकोनी कुपीतल्या पाण्यात स्वतःच्या हातानं एक थेंब सोडला. बाहेर येणाऱ्या प्रकाशातून एकच रंग निवडणारी काचेची चकती असते, ती मी लावायला गेले तर म्हणाले, "काढा ती. दुधाला कसला आलाय रंग? सगळा उजेड येऊ द्या."

मशीनचा उशीर कसा दिसायला हवा, ते आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. एकदम उभा चढणारा सुळका आणि तसाच झर्रकन उतार. आमचा सुळका चढला झोकात, पण उतरताना रेंगाळला. मागं लांबलचक शेपूट.

मग त्या शेपटाच्या मागं आम्ही तिघं लागलो. पंखा बंद केला. ट्यूबा बंद केल्या. खिडकीला प्रज्ञानं काळं कापड लावलं. केबल काढून दुसरी लावली. कुपी इतक्या वेळा धुतली की तिची काच झिजेल असं वाटायला लागलं. दर वेळी सर नेमानं ताज्या दुधाचा थेंब टाकायचे, कारण शिळं दूध नासतं आणि नासलेलं दूध शास्त्राला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेपूट तसंच. ही वणवण आठवली की मला आज आनंद होतो हे खरं, पण तेव्हाही होत होता. बंद खोलीत हरभऱ्याचा वास, बाहेर कुठंतरी कापसाच्या गाडीचा भोंगा, आम्ही तिघं अंधारात पडद्याकडे डोळे लावून बसलेलो, आणि शेपूट दिसलं की सरांचं ते "हात्तिच्या". एखाद्या गोष्टीच्या मागं असं एकदिलानं लागायला मिळणं हे काही दर थंडीत होत नाही.

पण संक्रांत जवळ आली तसं सरांचं 'हात्तिच्या' कमी होऊ लागलं. शनिवारी त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "मॅडम, मशीनच थकली. माझ्यासारखीच झाली ती. लोकांना उगी हेलपाटा नको. सोमवारी फोन करून सांगून टाकू, की घेऊन जा." प्रज्ञा कुपी पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "मंग पानं कधीपर्यंत आणू सर?" काळे सर थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट करत बसले.

मी म्हणाले, उद्या आमच्या शेतात हुरडा आहे, दोघंही या.

रविवारी दुपारी दोघं मंठ्याच्या गाडीनं आले. प्रज्ञा घरी विचारून आली होती, रात्री आमच्याकडेच राहणार होती. दादानं बांधाजवळ आगटी पेटवली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यात खुपसलेली गूळभेंडी ज्वारीची कणसं, आणि वहिनी पोत्यावर बसून गरम कणीस तळहातावर चोळत होती. हिरवे मऊ दाणे पत्रावळीत पडायचे आणि ते तोंडात टाकेपर्यंत बोटं भाजायची. तिळाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ, मधेच बोरं. काळे सर मांडी घालून बसले ते उठायचं नाव घेईनात. "शास्त्र गेलं चुलीत," म्हणत होते, "वहिनी, आणखी एक कणीस चोळा." प्रज्ञा हसत होती, पण तिचं लक्ष शेजारच्या हरभऱ्यावर होतं. एकदा उठून गेली, पानं चिमटीत धरून बघून आली, बोटं चाटली आणि परत बसली.

दिवस मावळला. गारठा उतरला तसा सरांनी थर्मास उघडून झाकणात दूध घेतलं आणि तोंडाला लावलं. दादानं प्रज्ञाला विचारलं, "ती तुझी जांभळी बत्ती हाय म्हनं, तिच्यानं इंचू दिसत्यात का?" विंचू त्या उजेडात चमकतात, हे खरंच आहे. बांधावरच्या दगडांत त्यांना काही तोटा नाही. प्रज्ञानं बॅटरी लावली आणि दगडांवरून उजेड फिरवत फिरवत आणला. सरांपाशी येऊन तो थांबला.

"सर, हलू नका."

सर जागच्या जागी थिजले. ओठ न हलवता म्हणाले, "कुठं हाय?"

"इंचू न्हाई सर. तुमची मिशी. मिशी चमकून राह्यली."

खरोखरच चमकत होती. अंधारात बाकीचे सर दिसत नव्हते, नुसती एक हिरवट पिवळी मिशी हवेत होती. वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा आडवा झाला हसून. सर म्हणाले, "सफेद झाली म्हणून चमकत आसंल, त्यात हसायला काय झालं?" पण प्रज्ञा हसत नव्हती. तिनं उजेड खाली आणला. सरांच्या हातातलं झाकणही तसंच चमकत होतं, काठोकाठ.

"सर, ह्यात काय हाय?"

"दूध."

"नुसतं दूध?"

"नुसतं दूधच की. हळद टाकून." आणि आम्ही सगळे त्यांच्याकडं बघतोय असं दिसल्यावर चिडून, "आता थंडीच्या दिवसांत दुधात हळद आसतीच ना. ते काय येगळं सांगावं लागतं का?"

सरांच्या घरी दिवाळीपासून होळीपर्यंत दूध ह्या शब्दाचा अर्थच हळदीचं दूध. साधं दूध असेल तर ते 'बिनहळदीचं' असं सांगितलं जायचं. मी बघत होते, प्रज्ञा बघत होती, आणि नेहमीप्रमाणे माझी ट्यूब सगळ्यात शेवटी पेटली. हळद प्रकाश पोटात ठेवते. हळद तो पिवळा करून, सावकाश परत देते. रंग निवडणारी चकती आम्ही काढून ठेवलेली, त्यामुळे तो पिवळा उजेडही मुकाट आत येत होता आणि आम्ही हळदीचा उशीर मशीनच्या नावावर लिहीत होतो. कुपीतल्या पाण्यात थेंब एवढासा की पिवळेपणा कुणाच्या डोळ्याला दिसला नाही. मशीन थकली नव्हती. तिनं जे समोर ठेवलं ते इमानेइतबारे मोजलं होतं. मी हसायला लागले तेव्हा बाकीच्यांचं हसून झालं होतं, आणि मग माझं हसू थांबेना म्हणून ते सगळे परत हसायला लागले. प्रज्ञा तर निखाऱ्यापाशी बसून हसता हसता डोळे पुसत होती. सरांनी उरलेलं दूध एका दमात पिऊन टाकलं आणि म्हणाले, "मशीनची माफी मागावी लागंल."

सोमवारी त्यांनी खरंच मागितली. मशीनच्या झाकणावर हात ठेवून, मफलर सावरून, मनातल्या मनात. मग गेटसमोरच्या टपरीवरून मी साधं दूध आणलं. सर ते उजेडात धरून म्हणाले, "ह्यात पाणी मिसळायची गरज न्हाई. त्यानं आधीच आपली मेहनत वाचवली." चकती जागेवर लावली. प्रज्ञानं थेंब टाकला. सुळका उभा चढला आणि तसाच उभा खाली आला, ज्वारीच्या धाटासारखा सरळ. मग सरांनी घंटा वाजवून शिपायाला चहा सांगितला.

पुण्याच्या बाई आल्या त्या दिवशी गारठा कडक होता. गुरुजी, म्हणजे प्रज्ञाचे वडील, मुद्दाम रजा टाकून आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, "जय भीम" म्हणून दाराजवळच्या स्टुलावर बसले ते शेवटपर्यंत तिथंच. बाईंनी पर्समधून एक बिननावाची कुपी काढली, मोजा म्हणाल्या. त्यात काय आहे, हे त्यांनाच माहीत. प्रज्ञानं ती बाजूला ठेवली आणि आधी दुधाचा थेंब घेतला.

"मशीनचं माप काढलंय ना तुम्ही आधीच?" बाईंनी विचारलं.

"काढलंय मॅडम. पण आज थंडी ज्यादा आहे. आजचा उशीर आजच काढलेला बरा."

बाई खुर्चीत जरा पुढं सरकून बसल्या. मी ओळखलं की आता त्या मशीनकडे नाही, मुलीकडे बघताहेत. उत्तर आलं, ते बाईंच्या मनातल्या उत्तराशी जुळलं. त्यांनी मान हलवली आणि तिळगुळाची वडी तोंडात टाकत म्हणाल्या, "राहू द्या हिला इथंच." सर एकदम उठले, कुठं जायचं ते न सुचून परत बसले. सरांना मी असं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

हल्ली दर वर्षी नव्या मुलांचा पहिला दिवस मी दुधानंच सुरू करते. मशीन अजून आहे, थोडी जास्त उशिरा जागी होते, आम्ही तेवढं धरून चालतो. निवृत्त झालेले काळे सर अधूनमधून थर्मास घेऊन येतात आणि मुलं त्यांना अदबीनं, पण ठामपणे दाराबाहेर दूध प्यायला लावतात. बाहेरच्या कट्ट्यावरून ते आतल्या आम्हाला सूचना देत राहतात.

पण बाई आल्या त्या दिवशी गोष्ट तिथं संपली नाही. बाईंनी प्रज्ञाची पानांची मापं बघितली, परत परत बघितली. मग म्हणाल्या, "परीक्षा झाली की आमच्याकडे ये. पीएचडी कर. आमच्या मशीनवर अख्खं पान ठेवता येतं, अर्क काढावा लागत नाही." मशीन जाईल म्हणून आम्ही महिनाभर धास्तावलो होतो. आता मशीन राहत होती, आणि प्रज्ञाला आखलेलं अंतर ओलांडायची वेळ आली होती. तिनं बाईंकडं बघितलं नाही. दाराजवळच्या स्टुलाकडं बघितलं.

गुरुजींनी खिशातला पेन काढला, परत लावला. म्हणाले, "पाहू."

आमच्या भागात 'पाहू' ह्या शब्दाचा अर्थ परक्या माणसाला कळत नाही. मुलगी बघायला आलेले लोक 'पाहू' म्हणून उठले की मुलीची आई पोह्यांच्या बशा न बोलता गोळा करते. कुणाला मदत मागितली आणि तो 'पाहू' म्हणाला की दुसरं दार बघायचं. तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून हा शब्द. बाईंना ते माहीत नव्हतं, त्या "अवश्य, विचार करा" म्हणून गेल्या. आम्हाला माहीत होतं. प्रज्ञानं कुपी धुतल्या, जागेवर ठेवल्या, आणि वडिलांबरोबर संध्याकाळची गाडी धरायला निघाली. सर जाताना म्हणाले, "पाहू म्हंजे काय? काय पाह्यचं राह्यलंय आता?" मला फार वाईट वाटलं. राग कुणावर धरावा असं तिथं कुणीच नव्हतं, म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली, तर मागोमाग गुरुजी दारात. बरोबर प्रज्ञा, आणि तिच्यामागं डोक्यावरचा पदर घट्ट धरलेली तिची आई. त्या जालन्याला कॉलेजात पहिल्यांदाच येत होत्या. गुरुजी म्हणाले, "काल पाहू म्हन्लो व्हतो ना. मंग पाह्यलाच आलो. मी पाह्यलं व्हतं. हिनं पाह्यचं राह्यलं व्हतं."

प्रज्ञानं आईला मशीनसमोर बसवलं. टपरीवरून दूध आणलं, थेंब टाकला. आईनं विचारलं, दूध कशाला? मग प्रज्ञा सांगत बसली, जाफराबादकडच्या बोलीत, हळूहळू. मशीनला कळायला येळ लागतो आई. तिला किती येळ लागतो ते आधी पाह्यचं. तिला तसं कळून घेतलं की मंग पान काय म्हनतंय ते बराबर आयकू येतं. आई पडद्यावरच्या सुळक्याकडं बघत होत्या. काळे सर आले आणि काखेतला थर्मास सावरत दाराशीच थांबले.

"ही मशीन हितंच ऱ्हानार?" आईनं विचारलं.

"हो."

"आन् तिकडची तुझ्या वळखीची न्हाई."

"न्हाई."

आई पुष्कळ वेळ बसून राहिल्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. मग आईनं पदर सारखा केला, उठल्या आणि मुलीला म्हणाल्या, "मंग गेल्या गेल्या आधी तिचा उशीर काढून घे. उगी घाई करू नको."

गेल्या गेल्या, असं म्हणाल्या त्या. मी ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. प्रज्ञाच्या हातातला ड्रॉपर टेबलावर पडला आणि ती तोंडावर हात धरून उभी राहिली. आईनं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं, असं मला वाटतं. टेबलावरच्या ओल्या फडक्यातले हरभऱ्याचे डहाळे उचलून त्या पानं उलटी सुलटी करून बघू लागल्या आणि म्हणाल्या, "आन् पानं तिकडं कुनाला मागत बसू नको. आपल्या वावरातलीच पाठवीन मी."